एकवीस कादंबऱ्यांचा नेम

चातुर्मास लागला म्हणजे आमच्या वऱ्हाडांत कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगें सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. बायका लाख वाती वळावयास घेतात. आम्हीं आजवर ह्यांपैकीं कांहींच केलें नव्हतें. कांदा आम्हांला प्रिय आहे, आणि वाती वळण्याइतका धीर आमच्या बोटांत नाहीं. परंतु २०२३ सालीं, वयाचीं चौसष्ट वर्षें उलटल्यावर, आम्हींही एक नेम धरला. आणि तो कांहीं सोडण्याचा नसून घेण्याचा होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत दर आठवड्यास एक ह्याप्रमाणें प्रणयकादंबऱ्या वाचावयाच्या! त्या वर्षीं श्रावण अधिक आल्यामुळें चातुर्मास पांच महिन्यांचा झाला होता. २९ जून ते २३ नोव्हेंबर. दोन्ही दिवस गुरुवार. मध्यें बरोबर २१ आठवडे. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यांत ज्याची हयात गेली, त्याला असा बाकी न उरणारा भागाकार दिसला म्हणजे त्यांत ईश्वरी संकेत दिसूं लागतो.

वास्तविक ही कल्पना आमची नव्हे. आमची एक पुतणी पुण्यास नोकरीला असते. तिनें व तिच्या मैत्रिणींनीं वर्षाला ५२ पुस्तकें वाचण्याची पैज आपसांत लावून घेतली आहे. नुसती संख्या भरून भागत नाहीं. एक पुस्तक निळ्या वेष्टनाचें हवें, एक पूर्वीं कधीं न वाचलेल्या देशांतलें हवें, एकाची नायिका साठीच्या पुढची हवी, अशा अटींचा एक छापील तक्ता तिच्या खोलींत भिंतीवर टांगलेला आम्हीं पाहिला आहे. उन्हाळ्यांत ती यवतमाळास आली तेव्हां तिच्या पिशवींतून सात पुस्तकें निघालीं, आणि तीं सातही प्रेमाचीं. आम्हीं तीं चाळलीं आणि वडीलधाऱ्यांनीं करावी तशी मुद्रा करून परत ठेविलीं. त्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर लोकांचे हिशेब तपासले, पण एक तरी प्रेमकथा शेवटपर्यंत वाचली आहे का?" असल्या वाचनास आम्हांला सवड नाहीं, असें आम्हीं बाणेदारपणें उत्तर दिलें. सेवानिवृत्त माणसाच्या तोंडीं हें वाक्य शोभत नाहीं, हें पलीकडे बसलेल्या आईच्या हंसण्यावरून आमच्या ध्यानांत आलें.

आई त्या वर्षीं ८६ वर्षांची होती. मोतीबिंदु दोन्ही डोळ्यांचे काढून झाले होते. पण पुढें डोळ्याच्या पडद्याचा मधला भागच झिजत गेला. कडेचें दिसतें, समोरचें दिसत नाहीं, अशी ती विचित्र स्थिति. दारांत कोण आलें हें ती चेहऱ्यावरून नव्हे, पायांच्या आवाजावरून ओळखते. चार वर्षांपासून तिचें वाचन बंद होतें, आणि त्याबद्दल तिनें कधीं तक्रार केली नाहीं म्हणून आम्हांला तें बंद आहे ह्याची आठवणही राहिली नव्हती. ती म्हणाली, "पैज लाव. तू मोठ्यानं वाच, मी ऐकते. दोघांची मिळून एक."

आम्हीं लगेच गणित मांडलें. दोनशें पानांची कादंबरी. मोठ्यानें वाचतांना पानास दोन मिनिटें. म्हणजे सात तासांच्या आंतच ग्रंथ पुरा. रोज दुपारीं तीन ते चार. सात दिवसांत एक ग्रंथ संपविण्याची रीत तशी आमच्या घराला नवी नाहीं. आमची आजी गुरुचरित्राचे बावन्न अध्याय सप्ताहांत संपवीत असे, आणि कोणत्या दिवशीं कितव्या अध्यायावर थांबावयाचें हें ठरलेलें असे. बावन्न अध्याय आणि बावन्न पुस्तकें हा योगायोग आम्हीं पुतणीस कळविला, तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे पणजीनं ही पैज माझ्याआधीच जिंकली होती!"

वाचनालयांत पहिलें पुस्तक आणावयास गेलों तेव्हां आम्ही थोडे चोरासारखेच गेलों. पुस्तकें देणाऱ्या गृहस्थांनीं फडक्यांच्या कादंबरीचें नांव खड्या आवाजांत उच्चारून नोंदविलें. आणि आमच्या पाठीमागें, हातांत ज्ञानेश्वरीवरील भाष्य घेऊन, आमचे एक जुने स्नेही उभे होते! ते निवृत्त प्राध्यापक आहेत आणि साहित्याची त्यांना काळजी असते. त्यांची हकीकत पुढें येईलच.

ज्या कपाटांतून हीं पुस्तकें निघालीं तें आंतल्या खोलींत, खिडकीपासून दूर आहे. पुनःपुन्हां बांधलेलीं, जाड पुठ्ठ्याचीं, पानें पिवळीं पडलेलीं. एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोणी पेन्सिलीनें लिहून ठेविलें होतें, "शेवट गोड आहे." आम्हांला तो शुद्ध अपराध वाटला. पुढें आमचें मत बदललें.

आमच्या मराठींत प्रेमाची कादंबरी तशी उशिराच आली असें म्हणावयास हरकत नाहीं. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. तें विधवांच्या दुःखाविषयीं. 'मुक्तामाला' १८६१ ची आणि 'मंजुघोषा' १८६८ ची. त्यांत प्रेम आहे, पण तें अद्भुताच्या मुलखांतलें, त्याला यवतमाळच्या वाड्यांतून रस्ता नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० च्या सुमारास 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' लिहिली, तींत घर खरें आहे, माणसें खरीं आहेत. पण तेथें जें आहे तें प्रेम होण्यापूर्वींच संपलेल्या आयुष्याचें दुःख. अडचण उघड आहे. ज्या समाजांत मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं होऊन जातें, त्या समाजांत प्रणयकथेला नायिका मिळावी कोठून? मुलगी कॉलेजांत जाऊं लागली, तिचें लग्न लांबलें, तेव्हां कोठें लेखकाला तिची गांठ नायकाशीं घालून देतां आली. ना. सी. फडक्यांची 'कुलाब्याची दांडी' १९२५ ची, 'जादुगार' १९२८ ची, 'दौलत' १९२९ ची. आणि मुलीच्या लग्नाचें वय निदान चौदा ठरविणारा शारदा कायदाही त्याच १९२९ सालचा. हा मेळ वाङ्मयाच्या इतिहासांत कोणीं कसा लावला आहे तें असो. आम्हांला तो हिशेबाच्या दोन वह्यांत एकच रक्कम सांपडावी तसा वाटला.

फडके 'कलेसाठीं कला' म्हणणारे आणि वि. स. खांडेकर 'जीवनासाठीं कला' म्हणणारे, ह्या वादावर आमच्या विद्यार्थिदशेंत निबंध लिहावे लागत. आम्हीं दोघांचीही बाजू एक ओळ न वाचतां मांडलेली आहे. आतां दोघेही मोठ्यानें वाचल्यावर तो वाद आमच्या आईनें दोन दुपारींत निकालांत काढला. फडक्यांविषयीं तिचें मत असें: "भाषा कशी गुळगुळीत! पण ह्यांच्या पुस्तकात कोणाला भाकरी करावी लागत नाही." आणि खांडेकरांविषयीं: "माणसं चांगली आहेत, पण फार बोलतात. जरा गप्प बसली असती तर लग्न झालं असतं."

तिचा खरा जीव मात्र ह्या दोघांवर नव्हता. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, सुमति क्षेत्रमाडे, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे हीं नांवें ती मैत्रिणींचीं घ्यावीं तशीं घेई. क्षेत्रमाडे ह्या व्यवसायानें डॉक्टर होत्या आणि योगिनीबाई गात असत, हें तिला ठाऊक होतें, आम्हांला नव्हतें. ह्या बायकांनीं एका पिढीच्या दुपारी भरून काढल्या. वाङ्मयेतिहासकारांनीं त्यांच्यासाठीं फार जागा खर्च केलेली नाहीं. कादंबऱ्या सर्वच उत्तम आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कांहींत योगायोग इतके येतात कीं तपासनिसाच्या मनांत अफरातफरीचा संशय यावा. परंतु त्यांत सासर आहे, नोकरी करणाऱ्या मुलीचें बसथांब्यावरचें उभें राहणें आहे, पगारांतून भावाची फी जाणें आहे, आणि ह्या सर्वांच्या मधून प्रेमानें वाट काढावयाची आहे. भाकरीही करावी लागते.

पहिल्याच दिवशीं एक पेंच पडला. पुस्तक उघडतांच आई म्हणाली, "आधी शेवट पाहून सांग." आम्हीं साफ नाकारलें. जमा-खर्च न तपासतां शिल्लक सांगणें आमच्या धर्मांत बसत नाहीं. आणि शेवट कळल्यावर ऐकण्यांत गोडी ती कोणती? तेव्हां तिनें जी गोष्ट सांगितली ती आम्हांला चौसष्ट वर्षांत कोणीं सांगितली नव्हती.

आमचे वडील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत मुनीम होते. घरीं त्यांचें बोलणें कापसाच्या भावाचें आणि सरकीच्या तेजी-मंदीचें. परीक्षेच्या दिवसांत आमच्या हातांत गोष्टीचें पुस्तक दिसलें म्हणून त्यांनीं तें माळ्यावर टाकल्याचें आम्हांला अजून स्मरतें. कारखान्याच्या कामासाठीं त्यांना वरचेवर मूर्तिजापुरास जावें लागे, आणि तें जाणें 'शकुंतले'नें असे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं ती गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगावयास हवें कीं, यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरांची अरुंद रुळांची वाट इंग्रज कंपनीनें मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीं घातली. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें. पुढें डिझेलचें आलें. आतां कांहीं वर्षें गाडीच बंद आहे. दारव्हा-मोतीबाग, कारंजा अशीं स्टेशनें घेत, वाटेंत कोणी हात दाखविला तर त्यालाही घेत, ती अशी रमत जाई कीं जातां-येतां एक कादंबरी सहज पुरी व्हावी. कालिदासाची शकुंतला विसरली गेली. आमचीही तीच गत झाली.

वाचनालयाचें सभासदत्व वडिलांच्या नांवें होतें. कादंबरी घेतांना ते तेथें म्हणत, "घरीं वाचतात." आम्हीं तें खरें मानलें होतें. "वाचत होते तेच आधी," आई म्हणाली. "गाडीत. घरी आले की पाय धुण्याच्याही आधी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन एकच शब्द सांगायचे. 'होतं.' नाहीतर, 'नाही होत.' बस्स." म्हणजे शेवटीं त्या दोघांचें लग्न होतें किंवा नाहीं. 'होतं' असलें तर ती त्याच रात्रीं पुस्तक घेई. 'नाही होत' असलें तर तें धान्याच्या कोठीमागें ठेवून देई आणि आमची आजी गांवाला गेली म्हणजे बाहेर काढी. कारण डोळे लाल दिसले तर काय झालें हें सांगावें लागे, आणि पुस्तक वाचून रडलें हें कारण त्या घरांत चालण्यासारखें नव्हतें.

वडिलांना जाऊन तेव्हां तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. इतक्या काळांत त्यांच्या खात्यावरील ही एक नोंद आम्हीं तपासलीच नव्हती. आम्हीं शेवटचें पान उघडलें, वाचलें, आणि म्हणालों, "होतं." आई उशीला टेकून बसली. "हं, आता वाच."

आमच्या प्राध्यापक स्नेह्यांना आम्हीं हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले कीं, शेवट आधीं विचारणारा वाचक हा वाचकच नव्हे. आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. पण पुतणीनें एका पुस्तकाची हकीकत सांगितली. जॅनिस रॅडवे नांवाच्या विदुषीनें अमेरिकेंतील एका गांवच्या प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशीं बोलून १९८४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या बायकांपैकींही कित्येकजणी पुस्तक घेण्यापूर्वीं शेवटचीं पानें पाहून घेत. आणि वाचनाविषयीं त्या सांगत कीं, दिवसांतला तेवढाच वेळ नवरा-मुलांचा नसून आपला असतो. पुतणी जीं इंग्रजी पुस्तकें वाचते त्यांची १९०८ सालीं लंडनांत निघालेली 'मिल्स अँड बून' ही पेढी गोड शेवटाची हमी देऊनच व्यापार करीत आली आहे. त्यांना ती हमी छापखाना देतो. आमच्या आईला ती मूर्तिजापूरच्या गाडीनें येत असे.

परंतु स्नेह्यांचा खरा आक्षेप निराळाच होता, आणि तो आम्हांला टोचला. ते म्हणाले, "हा कोणता जिल्हा आहे? २०१९ च्या जानेवारींत येथें साहित्य संमेलन भरलें, त्याचें उद्घाटन कोणीं केलें आठवतें ना?" आम्हांला आठवत होतें. नयनतारा सहगल यांना दिलेलें निमंत्रण मागें घेतलें गेलें, आणि उद्घाटन वैशाली येडे ह्यांनीं केलें; त्यांच्या शेतकरी पतीनें आत्महत्या केली होती. "त्या गांवांत बसून तुम्ही दुपारभर कोणाचें लग्न होतें आणि कोणाचें नाहीं हें वाचतां?" ह्याच गांवीं १९७३ सालीं ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालीं संमेलन भरलें होतें असें सांगून आम्हीं विषय बदलण्याचा यत्न केला. पण मनांतून तो प्रश्न गेला नाहीं.

तो गेला नाहीं ह्याचें कारण आमच्या स्वयंपाकघरांत होतें. संध्याकाळच्या पोळ्या करावयास एक बाई तीनच्या सुमारास आमच्याकडे येतात. नवऱ्याची गांवाकडे अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलांच्या शाळेसाठीं त्या यवतमाळांत खोली घेऊन राहतात. दुसऱ्या आठवड्यांत आमच्या ध्यानांत आलें कीं, नायक पानावर आला म्हणजे लाटण्याचा आवाज थांबतो. तिसऱ्या आठवड्यांत त्या कणकेची परात घेऊन दाराशीं येऊन बसूं लागल्या. आईनें त्यांच्यावर उपकार करण्याच्या हेतूनें शेवट सांगावयास तोंड उघडलें, तों त्या म्हणाल्या, "आजी, मले शेवट सांगू नोका. मी ऐकून राहिली ना." अशा रीतीनें आमच्या घरांत वाचनाचे दोन संप्रदाय झाले. दर गुरुवारीं बाई येण्याच्या आधीं आम्हीं आईच्या कानांत 'होतं' किंवा 'नाही होत' म्हणावें, आणि बाई आल्यावर आईनें कांहींच ठाऊक नसल्यासारखें ऐकावें. आई हें नाटक उत्तम वठवी. कित्येकदां बाईंच्या आधीं तीच म्हणे, "अगं बाई, आता काय होणार!"

२२ जुलै रोजीं यवतमाळांत पावसानें कहर केला. सखल वस्त्यांत पाणी शिरलें. महागांव तालुक्यांत आनंदनगर येथें पुरांत अडकलेल्या लोकांसाठीं हेलिकॉप्टरें बोलवावीं लागलीं. दिवे नव्हते. त्या दिवशीं बाई आल्या नाहींत. आम्हांला पुस्तक हातांत घेण्याची लाज वाटली. पण चौथ्या पुस्तकाचा वार टळूं नये म्हणून खिडकीशीं बसून आम्हीं पंचवीस पानें वाचलीं. दोन दिवसांनीं बाई आल्या. खोलींत गुडघाभर पाणी आलें होतें, मुलांचीं पुस्तकें भिजलीं होतीं, हें त्यांनीं पोळ्या लाटतां लाटतां सांगितलें, आणि मग विचारलें, "मंग भाऊ, ते पोरगी मुंबईले गेली का?" आम्हीं तीं पंचवीस पानें पुन्हां वाचलीं. त्या आठवड्यास आमचें गणित प्रथमच चुकलें. रात्रीं जादा बसून तें सांधून घ्यावें लागलें.

सोळा कादंबऱ्या दसऱ्याच्या आधीं ठरल्या दिवशीं पुऱ्या झाल्या. सतरावी चालू असतां, २४ ऑक्टोबरला दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशीं बाई म्हणाल्या, "भाऊ, वेचणीले जाऊन राहिली." कापूस फुटला होता. आपलें अडीच एकर वेचावयाचें आणि मग दुसऱ्यांच्या शेतांत. तेथें मजुरी किलोवर असते, जितकें वेचावें तितके पैसे. पोळ्यांची सोय त्यांनीं एका शेजारणीकडून लावून दिली होती. जातांना दाराशीं थांबून त्यांनीं सांगितलें, "पुढचं नोका वाचू. मी आली का मंग वाचजा."

आम्ही ११२ व्या पानावर होतों. पुस्तकाचीं पानें १९८. पुढें चार कादंबऱ्या व्हावयाच्या. आम्हीं आईपुढें निवेदन मांडलें कीं, हें पुस्तक बाजूस ठेवून मधल्या काळांत अठरावें घ्यावें. नेमांत क्रमाची अट नाहीं. आई म्हणाली, "अर्धं ठेवून दुसरं वाचायला घ्यायचं? आणि ती आल्यावर तिला काय सांगायचं, की चार लग्नं तुझ्यामागं उरकून घेतली?" आम्हीं म्हणालों कीं बाई केव्हां येतील ह्याचा नेम नाहीं, आणि कार्तिकी तर ठरलेली आहे. त्यावर ती कांहींच बोलली नाहीं. ती बोलत नाहीं तेव्हां निकाल लागलेला असतो, हें वडिलांनाही ठाऊक होतें.

पुतणीला विचारलें. तिच्या मंडळींत अर्धें पुस्तक अर्धेंच धरतात म्हणे. म्हणजे आमचे साडेसोळा! असला आंकडा आम्हीं कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदांत मंजूर केला नसता.

दिवाळी झाली. २३ नोव्हेंबरला कार्तिकी झाली. लोक कांदा खाऊं लागले. पुस्तक देवघरांतल्या फळीवर होतें. आम्हीं दोनदां वाचनालयांत जाऊन मुदत वाढवून आणली आणि तिसऱ्यांदा दंड भरला. रात्रीं कधीं कधीं तें उघडून पुढचीं चार पानें पाहावीं असा मोह होई. शेवट आम्हांला ठाऊकच होता. मधलें ठाऊक नव्हतें, आणि आश्चर्य असें कीं ओढ मधल्याचीच होती. पण दाराशीं कोणी नसतां तें वाचणें आम्हांला चोरी वाटूं लागलें होतें. महिन्याच्या अखेरीस अवकाळी पाऊस आला. वेचावयाचा राहिलेला कापूस झाडावरच भिजला असेल, हें आई खिडकीकडे तोंड करून दोनदां म्हणाली.

बाई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत आल्या. बोटांवर वाळलेल्या बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते. कापूस भिजला, भाव पडून सांगतात, असें थोडक्यांत सांगून त्यांनीं परात घेतली, कणीक मळली, आणि दाराशीं आपल्या जागीं बसल्या. आम्हीं पुस्तक काढलें, खूण काढली आणि ११३ वें पान उघडलें.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या, "मागचं एक पान घ्या आधी. कुठं होतो ते ध्यानात येऊ द्या."

आई म्हणाली, "हो, मलाही नाही आठवत." आणि आम्हीं पान मागें उलटलें.